तेलाखालचं पाणी

रावजी मुकादमानं कोयता ऐरणीवर टाकला आणि नकोशीची नजर आधी टोकाकडं गेली. टोक नव्हतंच. बाकाच्या अलीकडं दोन बोटं पातं मोडून गेलं होतं.

"उरलेला तुकडा कुठंय?" तिनं विचारलं.

"बारामतीच्या दवाखान्यात. बाईच्या डोळ्यातनं काढला," रावजी म्हणाला. "म्हाळसा म्हणून हाय, भीमाची बायकू. आष्टीकडची जोडी. सांगवीच्या फडात तोडत व्हती, फाटकन तुटलं आन् वर उडालं. डावा डोळा गेला. माजा अर्धा कोयता बसला ना!"

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणायची रीत आहे. माणसं मोजायचीच नाहीत, हत्यारं मोजायची. त्यामुळं बाईचा डोळा गेला की मुकादमाचा अर्धा कोयता बसतो. ट्रॅक्टरचं चाक बसावं तसं.

शेजारच्या गॅरेजमधून नकोशीचा थोरला भाऊ दादासाहेब हात पुसत आला. त्यानं मोडका कोयता उचलून उलटासुलटा केला.

"दगडावर घातला असंल तिनं," तो म्हणाला.

"मी बी त्येच म्हंतो," रावजी लगेच म्हणाला. "बायांचं ध्यान कुटं असतंय? नकोशाबाई, तुजं काय न्हाय ह्यात. आपलं दावायला आणला."

बाई बारामतीत, दगड सांगवीत, आणि निकाल इथं बावड्याच्या भट्टीवर लागला. दोन पुरुषांनी अर्ध्या मिनिटात लावला. रावजी चहा न पिता गेला, तेवढाच काय तो त्याला धक्का बसला असावा.

नकोशी एक शब्द बोलली नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं ती बरंच बोलली आणि लोकांना तेवढंच आठवतं. बोलायची वेळ होती तेव्हा ती तोंडात पदराचं टोक धरून उभी राहिली.

मग तिनं कोयता दारात उजेडाला नेला आणि मोडलेली कड बघितली. पोलाद नवं मोडलं तर कड राखाडी, चकचकीत दिसते, खडीसाखर फोडावी तशी. ह्या कडेचा अर्धा भाग तसा होता. उरलेला अर्धा काळपट, निळसर. त्या रंगाचा अर्थ एकच. ही भेग फडात पडलेली नव्हती. भट्टीत पडली होती, तिच्या आत धूर आणि ताव शिरला होता, आणि ती घेऊनच कोयता सांगवीला गेला होता. दगड असो नसो, आज ना उद्या तो मोडणारच होता.

पात्याच्या बुडाला शिक्का होता: न.

तिचाच.

त्या शिक्क्यापायी तिनं भावाशी सहा महिने भांडण केलं होतं. बाप म्हस्कू लोहार, सगळे त्याला आबा म्हणत. सहा वर्षांमागं आबाचा उजवा हात लकव्यानं गेला. नकोशीला मोरगावला दिली होती. तिथं नवऱ्यानं दुसरी केली तशी ती परत आली होती आणि भात्याशी बसत होती. तिनं घण उचलला. तेव्हापासून बावड्याच्या त्या पत्र्याच्या शेडात जे जे हत्यार झालं ते तिनं केलं, आणि प्रत्येकावर शिक्का पडला दादासाहेबाचा. "बाईच्या हातचं हत्यार कोण घेतंय?" तो म्हणायचा. तो स्वतः गॅरेज चालवायचा. त्यानं घण शेवटचा उचलला तो खंडेनवमीच्या पूजेला, हळदकुंकू लावायला.

तिसरी पोरगी म्हणून नाव नकोशी. एकदा पंचायतीत साहेब लोक आले होते, असल्या पोरींची नावं बदलून द्यायला. फोटोवालाही होता. तिला म्हणाले, ऐश्वर्या घे. ती म्हणाली, "नाव ऱ्हाऊ द्या सायेब. वागायचं बदला." फोटो काढला नाही.

तर ह्या हंगामाला रावजीनं त्याच्या तीन टोळ्यांसाठी एकशेवीस कोयते सांगितले, आणि नकोशीनं अट घातली: शिक्का माझा. छिन्नीच्या पोलादातून तिनं स्वतः कोरला. एवढासा 'न'.

आता हत्यार कसं होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ट्रकचा जुना कमानपाटा भंगारातून आणायचा, तापवून ठोकायचा, कोयत्याचा आकार द्यायचा. इथवरचा कोयता मऊ असतो, दोन ऊस तोडले की धार बसते. मग तो पुन्हा तापवायचा, पळसाच्या फुलासारखा रंग येईतो. नकोशी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक तारेला बांधून पात्याला लावायची; चुंबकानं धरायचं सोडलं की ताव बरोबर. आणि त्या क्षणी पातं बुडवायचं. लोहार ह्याला पाणी देणं म्हणतात, पण कमानपाट्याला पाणी कधी द्यायचं नसतं. त्याला तेल लागतं. पाण्यात तो एकदम आक्रसतो आणि चिरतो, कधी डोळ्याला दिसेल असा, कधी केसाएवढा. तेल त्याला दमानं गार करतं. पुढं हलक्या तावावर थोडा कडकपणा उतरवायचा असतो, पण चिरलेलं पातं त्यानं सांधत नाही.

आबाच्या भट्टीत एकच तेल चालायचं, करडीचं, घाण्यावरचं. बोट बुडवून सोसवेल एवढं कोमट करायचं. लोकांना वाटतं गार तेलात पोलाद लवकर गार होतं. उलटं आहे. गार तेल आळशी, पात्याला चिकटून बसतं. कोमट तेल धावून येतं. आणि आबाचा एक नेम होता, त्याच्या बापाचाही होता: पातं तेलात जाताना कुणी बोलायचं नाही. गिऱ्हाईक असो, पाहुणा असो, पोरगं रडत असेल तर त्याला बाहेर न्यायचं. लोकांना ते देवाधर्माचं वाटायचं. देवाचं काही नव्हतं. आवाज ऐकायचा असायचा. चांगलं तेल एकदा हुं करतं, पोट भरलेल्या म्हशीसारखं, आणि गप होतं.

करडीचा डबा वीस लिटरचा. दहाबारा पाती बुडवली की तेल उकळायला लागायचं, मग निवायची वाट बघत बसा. एकशेवीस कोयत्यांना ते पुरेना. दादासाहेब म्हणाला, "गॅरेजात जळकं ऑईल पडलंय ढिगानं. घे की. आख्ख्या देशातले लोहार घेतात."

ते खोटं नव्हतं. आबा तेवढा कुरकुरला, "जळक्या त्येलाचा काय भरवसा? कुनाच्या इंजनातलं, कशाकशात मळलेलं." पण नकोशीनं अर्धा कापलेला ड्रम भरला, तीन पाती बुडवून बघितली, कानस घासली. कानस घसरली, पात्याला लागली नाही, म्हणजे पातं कडक. तिनं एकोणनव्वद पाती त्यात केली आणि एकोणनव्वद नीट झाली. इथवर तिचं काही चुकलं नाही.

मग तेल खाली गेलं. पाती लांब, टोक खाली धरून बुडवायची, पुरेना. दादासाहेबानं दोन डबे आणून ओतले. ते तेल काळं नव्हतं. चहात दूध जास्त झाल्यासारखं होतं. असं तेल कधी होतं ते गॅरेजवाल्याच्या बहिणीला माहीत नसेल तर कुणाला असेल? हेड गॅसकेट गेलेल्या ट्रॅक्टरचं. इंजिनात पाणी शिरलेलं.

"दादा, ह्यात पाणी हाय."

"तापलं की उडंल. चारला रावजीची गाडी येतीय."

तिला उपाय माहीत होता. सगळं तेल चुलीवर चढवायचं, तडतड थांबेतो तापवायचं, पाणी उडवायचं, मग निवू द्यायचं. अर्धा दिवस. दुपारचा एक वाजला होता आणि एकतीस पाती राहिली होती. आणि शिक्का तिचा होता. पहिल्याच मालाला उशीर झाला तर रावजी काय म्हणेल हे तिला पाठ होतं: तरी म्हटलं होतं, बाईचं काम.

तिनं नव्वदावं पातं बुडवलं. वर तेलानं हुं केलं. खाली, टोक जिथं तळाशी गेलं तिथं, तडतडलं. गरम तव्यावर पाण्याचा शिपका मारावा तसं.

कोपऱ्यातल्या बाजेवर आबा उठून बसला. ज्या माणसानं पन्नास वर्षांत पाणी देताना कधी तोंडातून ब्र काढला नव्हता तो ओरडला, "थांबीव! तळाला पानी हाय!"

आणि नकोशी काय म्हणाली? "आबा, गप बसा. ह्या टायमाला बोलायचं न्हाय, तुमीच शिकवलंय न्हवं?"

आबा गप बसला.

तिनं कानस घासली. काय घसरली! आधीच्या एकोणनव्वदांपेक्षा सरस. पाण्यात पडलेलं पोलाद तेलातल्यापेक्षा कडकच होतं; भेग कानशीला कळत नसते. तिला बरं वाटून घ्यायचं होतं, तिला बरं वाटलं. चार वाजता गाडी भरली. पंधरा दिवसांनी रावजीचा फोन आला, "नकोशाबाई, काय कोयतं हायती! गडी म्हंत्यात धार मोडतच न्हाय." तिनं तो फोन स्पीकरवर लावून भावाला ऐकवला होता.

आता मोडका कोयता मांडीवर घेऊन ती दादासाहेबाला म्हणाली, "दगड न्हवता दादा. ह्यो त्या दुधाळ तेलातला हाय."

"बरं मग?"

"आणखी तीस हायती."

"सगळी थोडीच फुटलीत?"

"न्हाय. पन कुठली फुटलीत ते कुणाला म्हाइत? आणायला पायजेत माघारी."

दादासाहेबानं शेडाच्या दारावरचं गोणपाट खाली सोडलं. "डोकं फिरलं का? हंगामाच्या मधी मुकादमाला सांगायचं कोयते दे? उद्या त्यो फौजदाराकडं गेला तर?"

"तेल तू आणलंस."

"तेल माजं, कोयता तुजा. शिक्का कुणाचा हाय त्यावर? वाच की. सहा महिने नरडं फोडत व्हतीस न्हवं, माजा शिक्का, माजा शिक्का? मग आता वागीव." तो जाता जाता वळला. "आन् तू गेलीस तर मी न्हाय तुज्यासंगं. माज्या गॅरेजचं नाव घेतलंस तर भट्टी इजंल हितली."

पत्र्याचं शेड दादासाहेबाच्या नावावर होतं. होतं बापाचं, पण पोरींनी सही देऊन हक्क सोडला होता. सही करताना पेढा दिला होता.

नकोशी ऐरणीजवळ बसून होती. मग कोपऱ्यातल्या बाजेवरून आबा म्हणाला, "त्या डब्यांनंतर किती घातलीस?"

"एकतीस."

"एक ह्यो."

"तीस ऱ्हायली."

"मग बसलीस कशाला?"

"आबा, तुमी वराडला व्हता."

"वराडलो व्हतो. दोनदा न्हाय वराडलो," म्हातारा म्हणाला, आणि भिंतीकडं तोंड करून झोपला.

नुसतं मागून कोयता कुणी देत नाही. हातातला दिला तर दिवस बुडतो. म्हणून तिनं आधी नवे करायला घेतले. इंदापूरच्या घाण्यावरून करडीचं तेल आणलं, धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळलं, काचेच्या बाटलीत घालून उन्हाला धरलं. तळाला काही बसतंय का बघितलं. मग चुलीवर ठेवून थेंबभर पाणी असेल तर तेही उडवलं. जे एकतीस पात्यांसाठी केलं नव्हतं ते सगळं केलं. भट्टीचा ब्लोअर बंद केला, गोणपाट सोडलं, आबाची बाज भट्टीजवळ ओढली.

पहिलं पातं बुडालं. तेलानं हुं केलं आणि गप झालं.

आबानं मान डोलावली. तेवढंच.

तीन दिवसांत एकटीच्यानं चौदा झाले. दर वेळी ती बापाच्या तोंडाकडं बघायची. कानस शेवटी घासायची, आधी नाही.

चौथ्या दिवशी सकाळी पोतं खांद्यावर घेऊन ती एसटीत चढली. पोतं खणखणलं तसा कंडक्टर म्हणाला, "काय हाय यात?"

"कोयते."

"आगं बाबो! पुण्यातली कोयता गँग व्हय मावशी?"

गाडी हसली. नकोशी म्हणाली, "माजी गँग ऊस तोडतीया. तिची बातमी येत न्हाय पेपरात." कंडक्टरनं तिकीट फाडलं आणि पुढं सरकला.

इंदापूरला बदलून बारामती, बारामतीहून सांगवी. फड रस्त्याला लागूनच होता. पाचट टाचेखाली करकरत होतं, बाया मोळ्या बांधत होत्या, पुढं पुरुषांचे कोयते एका लयीत चालत होते. तिनं पोतं बांधावर ठेवलं. पहिल्या गड्याला म्हणाली, "दादा, कोयता दाव जरा. मी केलेला हाय."

"तुमी केला?" तो खूष झाला. "बाई, लोण्यावानी चालतोय. ह्यो मी देणार न्हाय कुणाला."

"नुसता बघते."

तिनं पिशवीतून डिझेलची बाटली काढली. पातं डिझेलनं पुसलं, थोडं थांबली, कोरड्या फडक्यानं लख्ख पुसून काढलं. मग खडू किसून त्यावर पूड चोळली. पांढऱ्या पुडीतून, टोकापासून तीन बोटांवर, एक काळी रेघ हळूहळू वर आली. भेगेत लपलेलं डिझेल खडूनं बाहेर ओढलं होतं. केसाएवढी रेघ. गडी बघत राहिला.

"ही काय हाय?"

"फूट हाय. ह्यो मोडणार. म्हाळसाच्या डोळ्यात गेला तसला."

फडातला आवाज थांबला. दहापंधरा जणं गोळा झाली. त्यांना वाटलं होतं दगड. मुकादमानं तसंच सांगितलं होतं, आणि म्हाळसाला तिच्या तोंडावर दोघातिघांनी म्हटलंही होतं, बघून घालू नये का गं.

"दगड न्हवता," नकोशी म्हणाली. तिचा आवाज फुटत होता म्हणून तिनं तो चढवला. "तेलात पानी व्हतं. आवाज मला ऐकू आला व्हता. मी थांबले न्हाय. शिक्का बगा, न. न म्हंजी नकोशी. ती मी. गॅरेजातलं दुधाळ तेल व्हतं, माज्या भावाच्या, बावड्याच्या. ओतलं त्यानं, बुडवलं मी."

कुणी शिवी दिली. कुणी "हिला मुकादमानं पाठवलं का?" म्हणालं. एक म्हातारी पुढं आली आणि तिनं आपला कोयता नकोशीपुढं टाकला. "बग माजा." मग रांग लागली.

मोटारसायकलवरून रावजी आला तेव्हा बांधावर खडूचा थर पडला होता. "काय तमाशा लावलाय? गाड्या उभ्या हायती कारखान्याच्या!"

"कोयते तपासतीया मुकादम."

रावजीनं तिला बाजूला घेतलं. "बाई, तुला म्हणलं व्हतं का मी काय? दगडावर मिटवलं व्हतं की! तू कशाला उकरतीस? आता ही सगळी माज्या डोक्यावर बसतील."

"बसू द्या. गेलेला डोळा न्हाय ना माघारी बसत."

"तुजा एक बी कोयता पुन्ना घेणार न्हाय. पार कराडपातूर कुणी घेणार न्हाय. माज्यासारखी शंभर मुकादम हायती."

"नका घेऊ."

दिवसभर ती तीन फड फिरली. त्या तेलातले कुठले ते ओळखू येत नव्हतं, म्हणून सगळे एकशेपंधरा कोयते पुसले. एकोणीस फुटके निघाले. चौदा जणांना तिनं नवे दिले. उरले पाच. त्या पाच जणांनी आपापले फुटके कोयते परत मागितले.

"आज कशानं तोडू मग? दातानं?" एक जण म्हणाला. "मी जपून घालीन. तुजं काय जातंय?"

नकोशीनं बांधावरचा एक चांगला दगड बघितला, तोंडाला पदर गुंडाळला, आणि एकेक कोयता त्यावर घातला. एकोणीसच्या एकोणीस. काही पहिल्या घावात मोडले, काही तिसऱ्या. ज्या पाच जणांचे मोडले त्यांच्यातल्या एकीनं तिच्या तोंडावर पाचट फेकलं, आणि ते बरोबरच होतं. चांगुलपणा करायला निघालेल्या माणसानं दुसऱ्याचा दिवस बुडवला की तोंडावर पाचट यायचंच.

एकशेपंधरा, आणि म्हाळसाचा एक. एकशेसोळा. चार कमी होते.

"तीन जोड्या धाडल्या मी दुसऱ्या मुकादमाकडं," रावजी म्हणाला. "सांगली-कोल्हापूरकडं कुठं तरी. मला काय म्हाइत कुठल्या कारखान्याला?"

"नंबर द्या त्याचा."

"न्हाय देत जा."

ऊन कलायला लागलं तेव्हा ती टोळीच्या कोप्यांकडं, पाचटाच्या झोपड्यांकडं, गेली. शेवटून दुसरी कोपी भीमाची. त्याचा कोयता दुपारीच तपासला होता, त्यातही रेघ होती; बायकोचा डोळा गेल्यावर तो आठ दिवस तसलाच कोयता चालवत होता, दवाखान्यातून आल्यावर ती उसाच्या शेंड्यांचं वाढं बांधत बसायची तिथंच, तिच्याशेजारी. नवा त्यानं खाली बघूनच घेतला होता. आताही तो नकोशीला बघून उठला आणि पाणी आणायला निघून गेला.

म्हाळसा बाहेर बसली होती. अर्ध्या तोंडावर पांढरी पट्टी. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. पुढ्यात वाढ्याच्या पेंढ्या होत्या आणि हात चालू होते. फडातलं सगळं तिच्या कानावर आलेलं दिसत होतं.

"तूच का ती?" तिनं विचारलं.

"व्हय."

"बस."

नकोशी बसली.

"तुला कवा कळलं?"

"तवाच. पातं बुडीवलं तवा आवाज आला."

"आन् थांबली असतीस तर? काय करावं लागलं असतं?"

"तेल चुलीवर ठिवून पानी उडवावं लागलं असतं."

"किती येळ?"

"अर्धा दिस."

म्हाळसानं पेंढीला पीळ दिला, गाठ ओढली, बाजूला टाकली. दुसरी घेतली. "अर्धा दिस," ती म्हणाली. "आमी अर्धा दिस बसलो तरी मुकादम खाडा धरतोय. मला वाटलं लई असंल काय तरी."

नकोशीच्या घशातून आवाज निघाला. म्हाळसानं राहिलेला डोळा वर उचलला.

"रडू नगंस हितं. मला रडता येत न्हाय, डॉक्टर नगं म्हंतोय. माज्याम्होरं कुणी रडलेलं मला चालत न्हाय."

नकोशीनं पदरानं नाक पुसलं. पिशवीतून एक कोयता काढला. पंधरावा. हा कालच्या रात्रीचा नव्हता की खास केलेला नव्हता. तिचा स्वतःचा, घरचं सरपण तोडायचा, आबाच्या हातचा. "ह्यो तुज्यासाठी आणलाय."

"कशात बुडवलेला?"

"करडीच्या तेलात. आबांनी केलाय, माज्या बापानं. मी न्हाय."

म्हाळसानं तो बोटाच्या नखानं वाजवला. टण्ण झालं. ती आवाज विरेपर्यंत ऐकत राहिली, कान थोडा कलता करून, पाणी देताना आबा ऐकायचा तसा. मग कोयता मागं ठेवला.

"एका डोळ्यानं नेम लागत न्हाय," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे. भीमाला हुईल." थोडं थांबून म्हणाली, "चार घावलं न्हाइत म्हणं."

"व्हय. सांगली-कोल्हापूरकडं गेल्यात. मुकादम नंबर देत न्हाय."

"त्यातली एक माजी जाऊ हाय. चुलत. तिचा नंबर भीमा दील." म्हाळसानं हातातली पेंढी खाली टाकली. "मग हितं काय बसलीस? माजं काय पायजे तुला? माफ कर म्हणणार असशील तर त्ये माज्याकडं न्हाय. ऊठ. तिला दोन डोळं हायती आजून."

नकोशी उठली.

जावेचा फोन लागेना. दोन दिवस लागला नाही, मग लागला. नकोशी खडू-डिझेलची पिशवी घेऊन तिकडं गेली, एका फडात दोन सापडले, आठ कोस पुढं तिसरा. खडू चोळला. तिन्ही फुटके. तिन्ही तिनं तिथंच दगडावर मोडले. चौथ्या कोयत्याची जोडी भांडून टोळी सोडून गेली होती. कुणी कर्नाटकात म्हणालं, कुणी साताऱ्याकडं. त्यांच्याकडं फोन नव्हता.

ती बावड्याला परत आली तेव्हा शेडाला दादासाहेबाचं कुलूप होतं आणि आबाची बाज बाहेर लिंबाखाली टाकलेली होती. तिनं कमरेच्या पिशवीतून शिक्का काढून बघितला, आणि परत ठेवला.

चौथा कोयता अजून कुठल्या तरी फडात चालतोय. आणि लोण्यावानी चालत असणार.